बन्सीधरचा सत्यनारायण

सुरत, २० डिसेंबर १९८६

सौ. मनकर्णीस आश्रुबाचा आशीर्वाद. मी इथं खुशाल हाय. आईलाबी सांग.

मिलमधलं काम बरं चाललंय. खोलीवर जिंतूरचे दोघं जण हायेत, भाकरी आमीच थापतो. खोकला गेला, फिकीर करू नको. आईचे गुडघे कसे हायेत? गाय पान्हावते का?

तुझं पत्र मिळालं. परवान्याबगर व्हिडिओ दाखवायला सरकारनं बंदी केली, तरी आपल्या गल्लीतल्या व्हिडिओवाल्या बन्सीधरनं वाट काढली म्हणतीस. घरी सत्यनारायण घालायचा, गावाला प्रसादाला बोलवायचं अन् आरती झाली की पिक्चर लावायचा. फौजदार आला तरी पूजेला कोण अडवणार? हुशार गडी हाय, मी कुठं न्हाई म्हणतो?

पण एका महिन्यात तीन सत्यनारायण? मी घरी असताना तुला एकादशीबी ध्यानात राहत नव्हती. पिक्चरच्या गोष्टी पानभर लिवल्यास, माझ्या खोकल्याचं एका शब्दानं इचारलं न्हाईस. मीबी टीव्ही आणीन. त्याच्यापेक्षा मोठा, रंगीत.

एकच इचारतो, राग धरू नको. सत्यनारायणाला जोडप्यानं बसावं लागतं. बन्सीधरची बायको दिवाळीपासून माहेरी हाय, हे तूच लिवलंस. बायको नसली की तिच्या पाटावर सुपारी मांडतात.

त्या तिन्ही वेळेला पाटावर सुपारीच होती ना? उलट टपालानं कळव. तवर मला घास गोड लागायचा न्हाई.

तुझाच,
आश्रुबा