दोन नंबरच्या चॅनेलवरचे सूर

सोमवार, ३ फेब्रुवारी

बासरीच्या ओळीत एक सूर परका! मी वाजवलेला नाही. नाटकवाल्यांना द्यायची ओळ हेडफोन लावून कीबोर्डवर वाजवत होतो, आणि मध्येच खालचा सा. बासरीच्याच आवाजात! थांबलो. पुन्हा सा, मग रे. माझे दोन्ही हात हवेत.

वायरचा दोष असणार. दुसरं काय?

ही दारात उभी राहून म्हणाली, "भूत लागलं वाटतं तुमच्या वायरींना. चला, घरात कुणीतरी तुम्हाला साथ देतंय."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

वायर बदलली. परका सूर तसाच!

मग शांतपणे सगळी जोडणी तपासली. माझ्या खोलीत छोटा कीबोर्ड — चॅनेल एक. मोठा, अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, इथे मावत नाही म्हणून ताईच्या खोलीत — चॅनेल दोन. दोघांच्या वायरी मधल्या दाराच्या चौकटीवर ठोकलेल्या डब्यात येतात, तिथून कॉम्प्युटरला. डब्यावर दोन हिरवे दिवे. ज्या कीबोर्डची पट्टी दाबाल त्याचा दिवा लुकलुकतो. मोठ्याचा स्वतःचा आवाज मी सेटिंगमध्ये जाऊन बंद केलाय, नाहीतर प्रत्येक सूर दोनदा ऐकू येतो — एकदा तिथून, एकदा कॉम्प्युटरमधून. हे मला कुणी शिकवलं नाही. क्लासची पायरी चढलो नाही कधी.

आणि एवढं करून बासरीच्या ट्रॅकचं इनपुट 'सगळे चॅनेल'वर राहिलेलं, म्हणजे मोठ्या कीबोर्डचे सूरही बासरीतच उमटणार! मी! (हे हिला सांगणार नाही.)

म्हणजे भूत दोन नंबरच्या चॅनेलवरचं. हिला विचारलं, "मोठा कीबोर्ड पुसताना पट्ट्या दाबतेस का?"

"मी पुसते ते सुरात पुसते की काय? आणि तुम्ही कानाला ते डबडं लावून बसता तेव्हा मी स्वयंपाकघरात असते. कुणीतरी असावं लागतं."

दोन नंबरला वेगळा ट्रॅक दिला. त्याला वाद्य जोडलं नाही. आवाज नाही, फक्त नोंद. बघू.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

नोंद मिळाली.

आधी नुसते आकडे वाचले. मिडीच्या तारेतून, म्हणजे कीबोर्डपासून कॉम्प्युटरला जाणाऱ्या या वायरीतून, आवाज जातच नाही, हे मी दहा जणांना समजावलं असेल. जातं ते एवढंच — कुठली पट्टी, किती जोरात दाबली, कधी सोडली. जोर एकपासून एकशेसत्तावीसपर्यंत. आपण नेहमी वाजवतो तो साठ-सत्तर. इथे सा चौदा. रे अकरा. ग नऊ. मग एक रिकामी जागा, बरोबर एका सुराएवढी. मग प, सात.

मग पुन्हा पहिल्यापासून सा. रे. ग. रिकामं. प. पुन्हा पहिल्यापासून.

धूळ पुसणारा हात असा चालत नाही. पाच बोटांची चढण ही. शाळेत पहिल्या दिवशी ताई मुलांना द्यायची तीच. चुकलं की मधून उचलायचं नाही, पहिल्यापासून — हा तिचा नियम.

ताई!

माझी मोठी बहीण. जन्मभर शाळेत पेटी आणि कीबोर्ड शिकवला. गेल्या वर्षी उजवी बाजू गेली. चालायला लागली, बोलायला लागली, पण उजव्या हाताच्या बोटांना स्पर्श कळत नाही. आमच्याकडे आली तेव्हा एकदाच सगळ्यांसमोर वाजवायला बसली होती. अडखळली, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. तिनं कीबोर्डवर कापड टाकलं. "चुकलेल्याला टाळ्या मी वर्गात कधी दिल्या नाहीत," एवढंच बोलली. त्यानंतर कुणी तिला वाजवताना पाहिलेलं नाही. मीच म्हटलं होतं तिला, "ताई, तो आता मुका आहे गं, मी जोडल्याशिवाय बोलत नाही." म्हणून तर! माझे कान झाकलेले, कीबोर्ड मुका — तेवढीच वेळ तिची.

त्या ट्रॅकला पियानो जोडला. एक क्लिक. आणि मुक्या पट्ट्यांवरची तिची बोटं माझ्या कानात चालायला लागली. सा… रे… ग…

उठून दार लावलं आणि रडलो. लिहायला लाज कसली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

व्यायामाच्या बाई आल्या होत्या. रबरी चेंडू ताईनं दाबला, न दाबल्यासारखा. बाई जिन्यात मला म्हणाल्या, "आता फार आशा धरू नका. हात होता तिथेच आहे."

सा आज सतरा होता.

रविवार, ९ फेब्रुवारी

दिवसभर तोच विचार. मी सोळा चॅनेल कुठूनही कुठे नेतो. एका पट्टीवर चार वाद्यं लावतो, एका हाताच्या सुरांना दुसऱ्या हाताची सोबत देतो. लोक तोंडात बोट घालतात, आणि मलाही आवडतं ते! पण तार काय वाहून नेते हे मला या आठवड्यात कळलं. वाद्य बदला, आवाज बदला, काहीही करा, त्या चौदा-अकराला धक्का लागत नाही. माणूस आवाजाच्या अलीकडे असतो. इतकी वर्षं हे माझ्या हातातून जात होतं आणि मी बासरी गोड लागते की नाही ते बघत होतो.

बुधवार, १२ फेब्रुवारी

म आला!!

जोर तीन. उशिरा आला, लंगडत आला, पण आला! चौथं बोट!

जेवताना ताईकडे बघत राहिलो. "काय रे? भात सांडला का माझ्याकडून?"

"नाही गं."

"मग जेव की. चेहरा बघ, लॉटरी लागल्यासारखा."

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

हिला सगळं सांगितलं. ऐकवलंही. ती म्हणाली, "सुंदर आहे. पण अहो, हे दाराला कान लावण्यासारखंच झालं ना? तिनं कुणी ऐकू नये म्हणून मुका कीबोर्ड निवडला."

पटलं. फार लागलं, पण पटलं. तिला सांगावं तर ती वाजवणं सोडेल. टाळ्यांचं झालं तसंच. न सांगता ऐकत राहावं, तर ती चोरी.

रविवार, १६ फेब्रुवारी

ताई अंघोळीला गेल्यावर दोन नंबरची वायर डब्यातून काढली. तिचा एकांत तिला परत. माझ्याच्यानं होईल तेवढा आदर हाच. आजवर केलेली सगळ्यात अवघड जोडणी म्हणजे ही एक वायर काढणं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

ताईनं नाश्त्याला हात लावला नाही. डोळे सुजलेले. "बरं नाही," म्हणाली. चेंडू दाबायलाही तयार नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

दुपारी हेडफोन लावला, तेवढ्यात खांद्यावर हात. ताई.

"वायर तू काढलीस?"

मी हेडफोन काढून ठेवला.

"अरे, बोटाला कळत नाही पट्टी खाली गेली का ते. कानाला कळायची सोय तूच बंद केलेली. राहिला होता तो तुझा दिवा! दारातून दिसायचा. लुकलुकला की समजायचं, गेलं बोट. परवापासून एकदाही लागला नाही. मला वाटलं, हात पुन्हा गेला. आज डबा जवळून बघितला तेव्हा कळलं."

"ताई, मी… ऐकत होतो गं. सगळं. म्हणून काढली."

"ते काय मला कळत नव्हतं? बुधवारी म दाबला तर तू जेवताना खुळ्यासारखा हसत होतास. वाट बघत होते, हा शहाणा चूक कधी दाखवतो त्याची. दुसऱ्याच्या चुका काढण्यात एवढा हुशार, आणि माझ्याच वेळी मुका?"

वायर जोडली. दिवा लागला. "आवाजही सोड," ती म्हणाली. दोन नंबर स्पीकरवर सोडला.

सा. रे. ग. म. प.

टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हटलं, "म उशिरा येतोय."

"पहिल्यापासून," ताई म्हणाली.