दाजींची भिंत

२७ एप्रिल १९९७, रविवार
ठरलं. मी चित्रकार होणार. कॉम्प्युटरचा कोर्स माझा पिंड नव्हता, केबलच्या धंद्यात माणसं कोती, गिटारची तार बोटाला लागते. ती सगळी तयारी होती, हे आता कळतं.

झालं असं. दाजींना नोएडात फ्लॅट मिळाला. आज बघायला गेलो. दाजींचा सगळा संसार दिल्लीतल्या ह्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये झाला. इथे खिळा ठोकायचा तरी चोरासारखा ठोकतात. तिकडे मात्र हॉलच्या मोठ्या भिंतीवरून हात फिरवत उभे. म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. मला एकदम दिसलं, इथे चित्र! अख्ख्या भिंतीवर! बोलून टाकलं.

दाजी म्हणाले, मेव्हणे, आधी एखादी नोकरी रंगवा. सुनयनाताई मधे पडली. म्हणाली, करू द्या हो त्याला, मी सांगते ना. चित्र चांगलं झालं तर तिसरी खोली त्याची. दाजी म्हणाले, आणि नाही झालं तर कराड. वडिलांचं किराणा दुकान वाट बघतंय. वास्तुशांत पंचवीस मेला आहे, तोवर काय ते करा.

तिसऱ्या खोलीची खिडकी पश्चिमेला आहे. स्टुडिओला उत्तरेचा उजेड लागतो म्हणतात. दाजींशी बोलायला हवं.

२९ एप्रिल
अॅक्रिलिकच. ऑइल वाळायला आठवडे लागतात, माझा स्वभाव तसा नाही. दुकानदार म्हणाला, पानी मिलाओ, लगाओ, मिनटों में सूखा. गलती हो जाए तो ऊपर से दूसरा मार दो. असा रंग माझ्यासाठीच काढलेला दिसतो.
ब्रश घ्यायचे राहिले. व्हिजिटिंग कार्डं मात्र छापायला टाकली. अनुराग, आर्टिस्ट. आडनाव नाही. मोठी माणसं लावत नाहीत.
पेजर घ्यावा का? विचार चालू.

१ मे
सराव सुरू. सगळ्या ट्यूब ताईच्या ताटात पिळल्या. काय दिसत होतं ताट! नुसतं बघत राहावं. मग मूड यावा म्हणून चहाला गेलो. टपरीवर टीव्ही, टीव्हीवर मॅच. परत आलो तर ताट दगड झालेलं. काल घेतलेल्या ब्रशचाही खुंटा झाला. दाराला पाचर म्हणून बरा आहे.
ताई म्हणाली, नैवेद्याचं ताट होतं रे ते.
कलेला पहिला विरोध घरातूनच होतो.
संकल्प: उद्यापासून पहाटे उठणे.

२ मे, सकाळी अकरा
उठलो.

५ मे
शेजारच्या ब्लॉकमधली सुकन्या आर्ट कॉलेजला आहे. तिला कार्ड दिलं. हसली. हसते चांगली. भिंत कसली आहे विचारलं. म्हटलं, भिंतीसारखी भिंत. म्हणाली, डिस्टेंपर असेल तर डायरेक्ट मारू नकोस हां, ते खडूसारखं असतं, रंग धरत नाही. आधी सगळं खरवड, प्रायमर मार, मग रंग. आणि भिंतीवर जायच्या आधी कागदावर एक वाटी तरी काढून बघ यार.
वाटी!
कॉलेजात हे असंच शिकवतात. खरवडा आणि वाट्या काढा. अशानं माणूस बुजतो. बरं झालं आपण बीकॉमसुद्धा अर्धंच ठेवलं.

९ मे
आज नोएडाला जाऊन काम सुरू करायचं होतं. बस उशिरा आली, तोवर गुडगावची आली. गेलो. मार्केट बघितलेलं बरं. शेतात उंच उंच बिल्डिंगा उठतायत, एक क्रेन तर दिवसभर बघत राहिलो. केवढ्या भिंती होणार इथे! आणि सगळ्या रिकाम्या! एका गेटवर गार्डनं हटकलं, किससे मिलना है? त्याला कार्ड दिलं. त्यानं कार्डाच्या कोपऱ्यानं दात कोरले. पण फेकलं नाही.

१३ मे
शुभारंभ. विषय दाजींनी सांगितला. कराडची कृष्णा, घाट, देऊळ, पाण्यावर आलेला बैल. आमची आई त्या घाटावर धुणं धुवायची, म्हणाले. थोडं कॅलेंडरछाप आहे, पण पहिलं गिऱ्हाईक आहे, सांभाळून घेतलं.
आधी बैल. जोरदार जमला. ताई डबा घेऊन आली, बराच वेळ बघून म्हणाली, कुत्रं घाटावर कशाला? बैलावर देऊळ मारलं.

१७ मे
उन्हाळा असा की ब्रश भिंतीपर्यंत पोचायच्या आत रंग वाळतो. देऊळ कललं. त्यावर वडाचं झाड मारलं. झाड फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं झालं, त्यावर पुन्हा घाट. दुकानदार देवमाणूस. ह्या रंगात चूक म्हणून राहतच नाही.
वरच्या मजल्यावरच्या भसीन आंटी येऊन गेल्या. बेटा, ये क्या है? म्हटलं, आंटीजी, अभी बन रहा है. म्हणाल्या, अच्छा, और सोफ़ा किस कलर का आएगा? म्हटलं, मरून. तो थोड़ा मरून डाल दो ना, मैच करेगा.
हा ह्या लोकांचा कलेशी संबंध! हसू आलं.
संध्याकाळी आकाशात थोडं मरून टाकलं.

२१ मे
घाटाच्या पायऱ्यांनी फार छळलं. शेवटी सगळ्यावर नदी सोडली. भिंतभर निळं, वर मरून आकाश. साधेपणा शेवटीच येतो.
थर चांगला जाड झालाय, रबरासारखा. स्विचबोर्डापाशी कड जरा सुटलीय. गोंद लावला. नवीन भिंती अशा करतातच.
दाजी ऑफिसातून थेट आले. घाट कुठाय, विचारलं. म्हटलं, पाण्याखाली. म्हणाले, म्हणजे पूर आलाय? म्हटलं, सीझन आहे. बूट काढून समोर जमिनीवर बसले. मग म्हणाले, पण पाणी असंच दिसायचं रे, संध्याकाळचं. आई हाका मारायची तेव्हा. पहिल्यांदाच मला अरे-तुरे केलं.
तिसरी खोली माझी. पडदे कोणते घ्यावेत?

२५ मे, दुपार
वास्तुशांत.
हळदीकुंकवाच्या तबकाशेजारी कार्डं मांडली होती. हॉल भरलेला, होमाचा धूर, कूलर पूर्ण सोडलेला. नदीला मधोमध फुगा आला. मी भिंतीपुढे उभा राहून लोकांना चित्रामागचा विचार सांगितला. भसीन आंटी म्हणाल्या, अरे, ये तो फूला हुआ है, थ्री-डी है क्या? आणि कडेला नख घातलं.
दुधावरची साय निघावी तशी अख्खी कृष्णा निघाली. सावकाश. अखंड. दाजींचं डिस्टेंपर पाठीला घेऊन. गुरुजींवर आली. आतून मंत्र चालूच होते, माणूस प्रोफेशनल आहे. मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सुकन्या हसली नाही. मुकाट्यानं येऊन एक टोक धरलं, एक मी धरलं, गुरुजींना बाहेर काढलं.
दाजी भिंतीपाशी गेले. हात फिरवला. तळव्याला पांढरी भुकटी आली, ती बघितली. मग वळून सगळ्यांना म्हणाले, पानं वाढलीत, चला.
कारणं: १) कूलरचा दमटपणा. २) भसीन आंटींचं नख. ३) मुहूर्त घाईचा. आणखी पंधरा दिवस मिळते तर.

२६ मे
कालपासून मुक्काम नोएडाच्या फ्लॅटमध्येच. चहाच्या वेळी दाजी ताईला म्हणाले, राहू दे त्याला, भिंत काय, परत होईल. शेवटी त्यांना कला कळते. ह्या वेळी प्रायमरसकट. विषय: गुडगाव. ताईला कल्पना सांगितली. ती भांडी घासत होती, पाण्याच्या आवाजात ऐकू गेलं नसावं.
पडद्यासाठी खिडकीचं माप घेतलं.

२७ मे, सकाळ
दारात माझी बॅग. भरलेली.
ताईला विचारलं, दाजींनी भरायला सांगितली का? म्हणाली, नाही. मी भरली.
म्हटलं, अगं, दाजी तर राहू दे म्हणाले.
म्हणाली, ते म्हणणारच. परवापासून ते त्या भिंतीकडे पाठ करून जेवतात. तुला दिसलं नाही, मला दिसलं.
गाडी दुपारची आहे. इस्त्रीचे शर्ट तिनं वर ठेवलेत, चुरगळू नयेत म्हणून.