दूध शीतकरण केंद्रात आढळलेल्या शासकीय लॅपटॉपबाबत खुलासा

दिनांक : २१ एप्रिल २०२५

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी,
पंचायत समिती, पिंपळडोह,
जि. अकोला

विषय : शाळेचा लॅपटॉप दुधाच्या कॅनशेजारी का ठेवला होता, याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

आपली नोटीस मिळाली. शासकीय लॅपटॉप एका खाजगी दूध केंद्राच्या थंड खोलीत आढळला, प्रभारी मुख्याध्यापिका तेथे एप्रिल महिन्यात स्वेटर घालून बसल्या होत्या, आणि बाहेर या असे सांगूनही त्या लगेच उठल्या नाहीत, असे तीन आक्षेप त्यात आहेत. तिन्ही खरे आहेत. ते कशामुळे घडले, एवढेच सादर करते.

१. सदर लॅपटॉप शाळेस हिवाळ्यात मिळाला. होळीपर्यंत त्याने कामात कसूर केली नाही. होळीनंतर त्याचा पडदा निळा होऊ लागला. सिस्टीमची अमुक फाइल सापडत नाही, असा इंग्रजी मजकूर येऊन यंत्र बंद पडे. पुन्हा चालू केल्यास ती फाइल सापडे व दुसरी हरवे. सहावीच्या मुलांचे गुण मी इतक्या वेळा भरले की आता ते मला तोंडपाठ आहेत.

२. आपल्या कार्यालयाच्या सूचनेनुसार दुरुस्तीची मागणी ऑनलाइन नोंदवायची होती. ती त्याच लॅपटॉपवरून नोंदवायची असल्याने अर्ध्यावर राहिली. अखेर मी लॅपटॉप पिशवीत घालून एसटीने अमरावतीस पुरवठादाराच्या दुरुस्ती केंद्रात नेला. तेथील अभियंता कुलदीप यांनी तो टेबलावर ठेवून दिवसभर चालवला. तो उत्तम चालला. त्यांचे शब्द जसेच्या तसे नमूद करते : "मॅडम, मशीनमध्ये काहीच नाही. तुमीच काहीतरी दाबून राहिल्या." तरीही त्यांनी सर्व सिस्टीम पुसून नवी टाकली. त्यात भरलेले गुण गेले. शाळेत परत आल्यावर दुसऱ्या तासाला पडदा पुन्हा निळा झाला.

३. यानंतर फोनवरून मिळालेल्या सूचनांप्रमाणे फाइल तपासणी चालवली, व्हायरसचा शोध घेतला, विद्यार्थ्यांनी गाणी भरून आणलेले पेनड्राइव्ह जप्त केले. दुसऱ्यांदा अमरावतीस गेले. तेथे लॅपटॉप पुन्हा उत्तम चालला. कुलदीप यांनी या वेळी पावतीवर 'दोष नाही' असे लिहून दिले. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मनकर्णाबाई यांनी मीठमोहऱ्यांनी लॅपटॉपची दृष्ट काढली. ही बाब कार्यालयापासून लपवण्याचा हेतू नाही. उपयोग झाला नाही.

४. येथे मनकर्णाबाईंविषयी सांगणे भाग आहे. त्यांची मुलगी आकांक्षा आमच्याच शाळेत आठवीत आहे. धनुर्विद्येच्या चाचणीतून तिची अमरावतीच्या एका निवासी क्रीडा शाळेसाठी निवड झाली. आमच्या गावातून अशी निवड यापूर्वी कोणाची झाल्याचे ऐकिवात नाही. प्रवेशासाठी शाळेचा दाखला संगणकातून काढलेलाच हवा होता, हस्तलिखित चालणार नव्हता, आणि मुदत संपत आली होती. मी दाखल्यात तिचे नाव भरावे, जन्मतारीख भरावी, आणि आईचे नाव टाइप करता करता पडदा निळा व्हावा, असे रोज चालले. मनकर्णाबाई दाराशी उभ्या राहून पाहत. एके दिवशी त्या म्हणाल्या, "मॅडम, पोरगी त पास झाली. आता हे डबडं तिले नापास करून राहिलं." आकांक्षा मैदानात जाऊन उन्हातच बाण मारत बसली. तिला आत बोलावण्याचे माझे धाडस झाले नाही.

५. त्याच दिवशी मनकर्णाबाईंनी रागाने लॅपटॉप उचलून बाजूस ठेवायला घेतला आणि टाकून दिल्यासारखा परत ठेवला. "अवं माय! हा त तवा झाला. भाकर टाकली त भाजून निघीन." मी हात लावून पाहिला. त्यांचे म्हणणे बरोबर होते. आमच्या वर्गखोल्यांवर टिनाचे छत आहे, हे आपणांस ज्ञात आहेच. मी कुलदीप यांना फोन केला आणि त्यांच्या दुकानात एसी आहे का, एवढेच विचारले. ते आधी 'आहे' म्हणाले. मग म्हणाले, "सॉरी मॅडम." यंत्र अति तापले की स्वतःला वाचवण्यासाठी अचानक बंद होते, त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहते, आणि पुढच्या वेळी ती सापडत नाही, असे त्यांनी समजावून सांगितले. यंत्र थंड ठेवा, म्हणाले. मी विचारले, कुठे? ते तुम्हीच पाहा, म्हणाले.

६. ओले फडके, माठाची सावली व चिंचेखालचा पार हे उपाय करून झाले. गावात थंड जागा एकच आहे : श्री. अब्दुल गफ्फार यांचे दूध शीतकरण केंद्र. मी संकोचत विचारणा केली. गफ्फारभाई म्हणाले, "मॅडम, माह्या इथं दूध नाही नासत, मंग तुमचं मशीन कायले नासन? आना इकडं." त्यांनी कॅन सरकवून स्टूल मांडले. लॅपटॉप तेथे सुरू झाला तो बंद पडलाच नाही. आईचे नाव टाइप झाले. दाखला पूर्ण झाला. माझी बोटे बधिर झाल्याने शेवटची कळ मनकर्णाबाईंनी दाबली. त्यानंतर त्या कॅनला टेकून रडल्या व गफ्फारभाईंनी त्यांना कॅन खराब होईल म्हणून सांगितले, परंतु ते सुद्धा डोळे पुसत होते. दाखला मुदतीत पोहोचला. आकांक्षाचा प्रवेश नक्की झाला आहे.

७. माझी चूक झाली असेल तर ती यापुढची आहे. दाखल्यानंतर मी लॅपटॉप परत न आणता उर्वरित वर्गांचे गुणही तेथेच भरू लागले. हे शेजारच्या गावांत कळले. दुसऱ्या दिवशी एक मुख्याध्यापक आपला लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. नंतर आणखी आले. थंड खोलीत परिसरातील जवळजवळ सर्व शाळांचे कामकाज सुरू झाले. एक गुरुजी माकडटोपी घालून येत. वारंवार दार उघडल्याने दुधाचे तापमान वाढू लागले, तेव्हा गफ्फारभाईंनी दारावर सूचना लावली : आधी दूध, मंग शाळा. आम्ही ती पाळली.

८. अशातच विस्तार अधिकारी श्री. किशोर म्हैसने तपासणीस आले. ते उन्हातून मोटारसायकलवर आले होते. त्यांनी थंड खोलीत येऊन आम्हा सर्वांस बाहेर जाण्यास सांगितले व दार लावून पंचनामा लिहावयास आतच बसले. पंचनामा एका पानाचा आहे. तो लिहिण्यास त्यांना दुपार लागली. मध्ये एकदा गफ्फारभाईंनी काचेतून पाहून मला सांगितले, "साहेब झोपून राहिले." साहेबांच्या तब्येतीची काळजी वाटल्याने मी परत आत जाऊन त्यांच्या अंगावर माझी शाल टाकली व ते जागे होईपर्यंत तेथेच स्टुलावर बसले. मी लगेच उठले नाही असा जो आक्षेप आहे, तो या वेळचा असावा.

९. श्री. म्हैसने यांच्या अहवालानंतर आपल्या कार्यालयाच्या दोन टेबलांवरून दोन कार्यवाह्या झाल्या. एका टेबलाने मला नोटीस काढली. दुसऱ्या टेबलाने कंपनीचे पत्र मागवले, त्यात पस्तीस अंशांपुढे लॅपटॉप वापरू नये असे निघाले, म्हणून शाळेस कूलर मंजूर केला. नोटीस व कूलर एकाच गाडीतून आले. कूलरच्या आदेशात 'केवळ लॅपटॉपसाठी' असे ठळक अक्षरांत आहे.

१०. आदेशाचे तंतोतंत पालन केले आहे. कूलर पहिलीच्या वर्गाच्या खिडकीत बसवला. लॅपटॉप त्याच वर्गात, समोरच्या भिंतीपाशी, शेवटच्या बाकावर ठेवला. कूलरची हवा थेट लॅपटॉपकडे जाते. मध्ये पहिलीची मुले बसतात. बसवल्या दिवसापासून लॅपटॉप निळा झालेला नाही. पहिलीतला एकही विद्यार्थी दुपारी घरी गेलेला नाही, आणि दुसरीच्या मुलांनी पहिलीत परत घ्यावे म्हणून तोंडी विनंती केली आहे. मी त्यांना दाटीने बसवले आहे.

तरी माझ्यावर जी कारवाई योग्य वाटेल ती व्हावी, परंतु लॅपटॉपची जागा बदलू नये, ही विनंती. मुलांमुळे हवा अडते असा आक्षेप कोणी घेतल्यास त्यांनी स्वतः येऊन बाकावर बसून खात्री करावी. जागा करून देऊ.

आदेशाच्या प्रतीक्षेत, आपली नम्र,

(स्वाक्षरी)
रागिणी देवीदास अढाऊ
प्रभारी मुख्याध्यापिका,
जि. प. उच्च प्राथमिक शाळा, सोनगव्हाण

सोबत : कूलर पुरवठा आदेशाची छायांकित प्रत.