यंदाही बारा प्रकार

शनिवार, १६ नोव्हेंबर
माझ्या बायकोला, रोस्विताला, तिच्या बहिणीकडे उल्मला जाऊन दहा आठवडे झाले. 'सोडून गेली' असं फक्त सासूबाई म्हणतात. ती विश्रांती घेते आहे. पुरावा : श्प्रिंगर्लेचे लाकडी साचे कपाटात तसेच आहेत. सव्वीस वर्षं दर नाताळला त्या साच्यांवर बिस्किटं उठवणारी बाई ते मागे ठेवून कायमची जाईल? विषय संपला.
संकल्प : यंदा बिस्किटं मी करणार. बारा प्रकार. ७ डिसेंबर हा आमच्या घरचा बिस्किटांचा शनिवार. त्या दिवशी ती आणि लेक फ्रांका दारात येतील, तेव्हा घर दरवळलेलं हवं.

रविवार, १७ नोव्हेंबर
बारा म्हणजे जरा मिरवल्यासारखं होतं. सहा. मला काही हे काम नवीन नाही. इतकी वर्षं देखरेख माझीच होती. सोफ्यावरून सगळं दिसतं.

सोमवार, २५ नोव्हेंबर
श्प्रिंगर्लेपासून सुरुवात. ती भाजल्यावर विटेसारखी होतात, डब्यात तीन-चार आठवडे मुरली की खाण्याजोगी. ट्रेवर अनीस पसरलं. अनीस म्हणजे बडीशेपेची तोरेबाज बहीण. साच्यात हरीण आहे. पिठावर बहुधा डुक्कर उमटलं. भाजण्याआधी ती चोवीस तास वाळवतात. मी तीन तास दिले. हीटर होता ना.

संध्याकाळी
श्प्रिंगर्लेला भट्टीत पीठ फुगून खालून पाय फुटावे लागतात, त्यावरच सुगरण ठरते. माझी सगळी एका अंगाला कलली. बिअरच्या तंबूतून घरी निघाल्यासारखी.
धूर बघून शेजारच्या फ्राऊ श्टेंगेले आल्या. म्हणाल्या, अहो ओटमार, घर जाळताय की आठवणी? मग लगेच, किती प्रकार झाले? त्यांचे नऊ झालेत. न विचारता सांगितलं. म्हटलं, रोस्विता सात तारखेला येतेय, मग वेग येईल. त्या म्हणाल्या, बरं हं. या बाई आयुष्यात कुणाला 'बरं हं' म्हणालेल्या नाहीत.

रविवार, १ डिसेंबर
नाताळपूर्वीच्या चार रविवारांतली पहिली मेणबत्ती लावली. फ्रांकाला फोन केला : शनिवारी, दोन वाजता. म्हणाली, पप्पा, तू आईला विचारलंयस का? म्हटलं, परंपरेला आमंत्रण लागत नाही. तिने उसासा टाकला. हवा बदलली की तिला सर्दी होतेच.
प्रकार : एक. दर्जा महत्त्वाचा.

शनिवार, ७ डिसेंबर
१२.०० टेबल पुसलं. तीन ॲप्रन मांडले.
२.४० उल्मच्या गाडीला उशीर असणार.
४.०० पुढच्या गाडीलाही.
६.१० ॲप्रनच्या घड्या घातल्या. इस्त्री छान झाली होती.

रविवार, १५ डिसेंबर
फ्रांका आली. एकटी. अर्धा तास, कोट न काढता. आईने उल्मला केलेल्या बिस्किटांचा डबा आणला. मी लगेच मोजली. अकरा प्रकार, श्प्रिंगर्ले नाहीत! म्हटलं, बघ, साच्यांवाचून अडलं की नाही? आईला म्हणावं, ये आणि कर.
फ्रांका म्हणाली, पप्पा, आईला अनीसचा वाससुद्धा सहन होत नाही. ती फक्त तुझ्यासाठी करायची रे. स्वयंपाकघराची खिडकी उघडी टाकून. तुला माहीत नव्हतं?
म्हटलं, होतं की.
ती गेल्यावर खुर्चीत बसून राहिलो. ती खिडकी मला चांगली आठवते. दर वर्षी मी सोफ्यावरून ओरडायचो, अगं गारठा येतोय, लाव ती. आणि ती लावायची.

मंगळवार, २४ डिसेंबर
दुपारी उल्मला फोन केला. रोस्विताने स्वतः उचलला. म्हणाली, जेवलास का? म्हटलं, हो. जेवलो नव्हतो. मग विचारलं, तुला स्वतःला कुठलं बिस्किट आवडतं गं?
 
म्हणाली, आता कशाला रे, ओटमार.
लिहून घ्यायला पेन हातात धरून बसलो होतो.