मॅसेडोनियाचा मास्तर

सर,

तुम्हाला जाऊन आता तीस वर्षं होत आली. घाटनांदूरच्या शाळेत दहावीच्या वर्गात ज्या चार मुली होत्या, त्यांतली मी एक. माझ्या वडिलांना, आमच्या अण्णांना, तुम्ही चांगलं ओळखत होता. निजामाच्या राजवटीविरुद्ध लढताना तुम्ही दोघं सरहद्दीवरच्या एकाच कॅम्पवर होता. पुढं अण्णा पुढारी झाले आणि तुम्ही इतिहासाचे मास्तर. एवढं मला माहीत होतं. तुम्ही आमच्या घराची पायरी कधीच का चढत नाही, हे मी कुणाला विचारलं नव्हतं.

मुक्तिसंग्राम दिनाला झेंडावंदनानंतर एका विद्यार्थ्यानं भाषण करायचं अशी शाळेची रीत होती. त्या वर्षी मला सांगितलं गेलं. भाषण अण्णांनी स्वतः लिहून दिलं आणि मी ते चार दिवस, भाकरी थापणाऱ्या आईसमोर उभी राहून, पाठ केलं. त्यात एक वाक्य होतं, की ऐन वेळी पाठ फिरवून शत्रूच्या दारात जाऊन बसलेले लोकही याच गावात आहेत. त्या वाक्यावर आवाज चढवायचा, असं अण्णांनी बजावलं होतं. मी चढवला. पुढच्या खुर्च्यांवरची दोन-तीन माणसं हसली आणि बाकीच्यांच्या माना शिक्षकांच्या रांगेकडं वळल्या. तुम्ही हात मागं बांधून उभे होता, समोर बघत होता. आपण कुणाबद्दल बोललो, हे मला त्या वळलेल्या मानांवरून कळलं. टाळ्या पडल्या. नंतर पाण्याच्या टाकीपाशी तुम्ही मला थांबवलंत. वर्गात तुम्ही नेहमी पुस्तकी बोलायचात, पण तेव्हा घरची बोली आली. "वाचलंस चांगलं, बाई. पन दुसऱ्यानं लिहून दिलेलं बोलताना, ते कुनाबद्दल हाय एवढं तरी इचारत जावं." याहून जास्त तुम्ही मला कधीच रागावला नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पाठ्यपुस्तक बाजूला ठेवलंत आणि आठवडाभर आम्हाला एका परक्या माणसाचं आयुष्य सांगितलंत. हैदराबादला फुटपाथवर मिळालेलं एक पातळ इंग्रजी पुस्तक तुमच्या पिशवीत असायचं. तुम्ही फळ्यावर त्याचं नाव लिहिलंत, ते कुणालाच नीट म्हणता येईना, म्हणून वर्गात तो मॅसेडोनियाचा मास्तर झाला. त्याचा मुलूख, युरोपातला मॅसेडोनिया, तेव्हा तुर्की सुलतानाच्या ताब्यात होता. तो लष्करी शाळेत शिकला, पण अधिकारी व्हायच्या तोंडावर त्याच्या विचारांपायी त्याला तिथून काढून टाकलं. मग तो मास्तर झाला. शाळा भरली की मुलांना शिकवायचं आणि सुट्टी लागली की पायी गावोगाव जाऊन माणसं जोडायची. तुम्ही म्हणालात, मास्तर कुठंही गेला तरी कुणाला संशय येत नाही, आणि वर्ग हसला. त्याचं म्हणणं होतं की भांडण सुलतानाच्या राज्याशी आहे, शेजारच्या तुर्काशी नाही. ज्याला ज्याला हे राज्य जाचतं तो आपला, मग त्याचा धर्म कोणता का असेना. उठावाची घाई करू नका, लोक अजून तयार नाहीत, असंही तो सांगत होता. इतरांनी ऐकलं नाही, उठाव ठरवून टाकला. तो व्हायच्या तीनएक महिने आधीच एका लहान गावात सैन्यानं त्याला गाठलं आणि तो मारला गेला. वय तिशी नुकतीच ओलांडलेली.

मला त्यातला एक प्रसंग सगळ्यात ठळक आठवतो. एका गावात त्याचीच माणसं चिडून तुर्कांच्या घरांवर चालून गेली, तेव्हा तो वाटेत मातीत जाऊन बसला, हत्यार न घेता, आणि उठला नाही. ते सांगताना तुम्ही आमच्याकडं न बघता खिडकीबाहेर बघत होता. मी हात वर करून विचारलं, त्याच्या माणसांनी त्याला गद्दार म्हटलं का? तुम्ही फळा पुसायला घेतलात, आधीच पुसलेला होता तरी. "म्हटलं असंल कुनीतरी," तुम्ही म्हणालात. "पुस्तकात न्हाई."

मी पुढं शिक्षिका झाले, अंबाजोगाईला स्थायिक झाले. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी अण्णांना अर्धांगाचा झटका आला आणि ते ओसरीवर बाजेला खिळले. एकदा शाळेच्या कुठल्याशा समारंभाची पत्रिका आली होती. जुन्या शिक्षकांची यादी मी त्यांना दुपारी वाचून दाखवत होते. तुमच्या नावाशी त्यांनी मला थांबवलं. "त्यानं गल्ली सोडली न्हाई," ते म्हणाले. मग तुटक तुटक सांगत गेले. भारताच्या फौजा आल्या, निजामाचे रझाकार पळाले आणि आठ-दहा दिवस कुणाचाच वचक राहिला नाही. कॅम्पवरची पोरं बंदुका घेऊन गावात परतली होती. गावाच्या टोकाला कापूस पिंजणाऱ्या मुसलमान पिंजाऱ्यांची पाच-सहा घरं. त्यांत रझाकार एकही नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी पोरं निघाली आणि अण्णा पुढं होते. तुम्ही गल्लीच्या तोंडाशी मातीत बसला होतात, रिकाम्या हातांनी. आधी मला मार, मग म्होरं जा, असं तुम्ही अण्णांना म्हणालात.

"छातीवर बंदूक धरली म्या," अण्णा म्हणाले. "बसूनच राहिला."

"मग?"

"मग काय. आमी दुसऱ्या गावाला गेलतो."

त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं. त्यानंतर चार वर्षं ते जगले, पण हा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही.

निवृत्त झाल्यावर मी तुमच्या मॅसेडोनियाच्या मास्तराबद्दल मिळेल ते वाचलं, काही मोबाईलवर, काही भाचीनं मागवून दिलेल्या पुस्तकांत. तुम्ही सांगितलेलं बहुतेक खरं निघालं. तो मेला ते गाव आज जाग्यावर नाही. त्याच्या अस्थी एका शहरातून दुसऱ्या शहरात हलवत शेवटी एका चर्चच्या आवारात संगमरवराखाली ठेवल्या आहेत, आणि तो आमचाच म्हणून दोन देश अजून भांडतात. वाटेत बसल्याचा प्रसंग मात्र मला कुठंच सापडला नाही. मी बराच शोधला. तो त्याचा नव्हताच. स्वतःच्या आयुष्यातली तेवढी एक गोष्ट तुम्ही दुसऱ्याच्या नावावर सांगून टाकलीत, आणि तीही ज्या मुलीनं त्याच आठवड्यात माईकवरून तुम्हाला गद्दार म्हटलं तिच्यासमोर.

तुमच्यासाठी इथं कुणी भांडत नाही. त्या पिंजाऱ्यांपैकी एकाचा नातू बसस्टँडजवळ गाद्या भरून देतो. मागच्या महिन्यात मी त्याच्याकडून दोन उशा करून घेतल्या आणि तुमचं नाव घेऊन विचारलं. त्याला माहीत नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, आणि मला बरंच वाटलं.

हे पत्र कुणाला द्यायचं नाही. तुमची मुलगी लातूरला असते, तिचा पत्ता माझ्याकडं आहे, तरीही नाही. दुसरं गाव कोणतं, हे मी अण्णांना त्या दुपारी विचारलं नाही. त्यांच्या आजारपणामुळं विचारलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे विचारायची गरज नव्हती. शेजारच्या गावात आमचं सहा एकर काळं रान आहे, फौजा आल्या त्याच साली अण्णांच्या ताब्यात आलेलं. वाटणीत ते माझ्याकडं आलं. आमचे सालगडी त्याला अजून मुल्लाचं रान म्हणतात. यंदाही मी तिथं सोयाबीन पेरलं आहे.