टायपिंगचा क्लास

डोंबिवली, गुरुवार, १४ ऑक्टोबर १९५४

नलूला ठाण्याच्या कचेरीतली नोकरी मिळाली नाही. बी. ए.ला पहिला वर्ग, माझ्या लेकीला, आणि तरी नाही.

मार्कांचा कागद साहेबांनी उलगडलासुद्धा नाही म्हणे. "टायपिंग येतं का?" एवढंच विचारलं. ती नाही म्हणाल्यावर, "मग बाई, तुम्ही इथे करणार काय?" जागा तिच्या मैत्रिणीला, कुसुमला मिळाली. कुसुम जेमतेम पास, पण दोन वर्षं कल्याणच्या टायपिंग क्लासला जात होती.

नलूही जाणार होती. मीच अडवलं. "बोटं बडवणं तुझं काम नाही, अभ्यास कर." आमच्या कॉन्व्हेंटात मदर दर महिन्याचे मार्क सगळ्यांसमोर वाचायच्या आणि पहिल्या येणारीच्या खांद्याला निळी रिबीन लावायच्या. बाहेरही तसंच असेल, असं मी का धरून चालले? पन्नाशी आली तरी?

उलगडलासुद्धा नाही तो कागद.

"अगं, आता लाव क्लास," मी म्हटलं. "सहा महिन्यांत शिकशील."

"आई, अण्णांनी दिवाळीपर्यंतच मुदत दिली होती ना? नोकरी, नाहीतर लग्न."

वाटलं, रडेल, मला बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. तिने साडी बदलली, पानं घेतली, आणि वाढता वाढता स्वतःच म्हणाली, "अण्णा, त्या नाशिकच्या लोकांना बघायला या म्हणून कळवा."

"शहाणी गं माझी पोर," हे म्हणाले.

मला मान वर करवली नाही.