टाच बांधायची की मोकळी ठेवायची

प्रिय कासिआन,

तू सोमवारी दुकानात ठेवून गेलेल्या स्की अजून माझ्या कामाच्या टेबलावर तशाच आहेत. चिठ्ठीत तुझं वजन आणि 'साधं बाइंडिंग, टाच पक्की' एवढंच लिहिलंस आणि वर म्हणालास, 'घाई नाही, तुम्ही सावकाश बसवा.' तुम्ही. आपल्या तिरोलमध्ये डोंगरावर अनोळखी माणसालाही कुणी अहो-जाहो करत नाही, आणि माझ्या लग्नात नवरदेवाच्या, रोमेडच्या शेजारी उभा राहिलेला माणूस मला तुम्ही म्हणतो. रोमेड असता तर म्हणाला असता, 'बुर्गी, याच्या कपाळाला हात लावून बघ, ताप असणार.'

स्की चांगल्या निवडल्यास. यंत्राने दाबलेल्या उतारावर पकड धरतील आणि भुसभुशीत बर्फातही बुडणार नाहीत. पण यांना बुटाची टाच स्कीला पक्की आवळणारं बाइंडिंग लावलं की पाळण्याच्या लिफ्टने वर जा, उतारावरून खाली या, संपलं. टाच मोकळी करता येणारं लावलं तर लिफ्ट संपते तिथून पुढे चालत चढता येतं आणि उतरताना टाच पुन्हा अडकवता येते. रोमेडबरोबर चढणाऱ्या तुला हे मी शिकवतेय, म्हणजे मलाच हसू यायला हवं. येत नाही. रडूही येत नाही. गेल्या मार्चमध्ये हिमकडा कोसळून रोमेड बर्फाखाली गेला तेव्हापासून असंच आहे. लोक भेटायला येतात, माझ्या तोंडाकडे बघत बसतात आणि सूपचं भांडं ठेवून जातात. मी ते गरम करून खाते. मीठ कमी आहे हे कळतं, आवडलं की नाही ते कळत नाही.

वजन तू ब्याऐंशी किलो लिहिलंयस. दुकानात सगळेच थापा मारतात, बायका वजन कमी सांगतात आणि पुरुष स्वतःला फार पटाईत समजतात, पण तू तर माझ्यासमोर उभा होतास. पट्टा शेवटच्या भोकात आणि पँट तरी घसरतेय. त्या आकड्यावर बाइंडिंगची स्प्रिंग आवळली तर पडल्यावर पायातून स्की सुटणार नाही, गुडघा कामातून जाईल. नीट वजन करून कळव. आणि जेवत जा. तू अर्ध्या ताटावरून उठतोस असं तुझी आई सांगत होती.

गावात काय बोलतात ते माझ्याही कानावर येतं. बेकरीतली वाल्बुर्गा तोंडावर म्हणाली, 'दोघं गेले होते ना गं, मग हा एकटाच कसा वाचला?' मी म्हटलं, 'उतारावर एकेकानेच जायचं असतं, आणि पहिला मीच हा हट्ट माझ्या नवऱ्याचा. त्याचा हट्ट तू पाहिला नाहीस का?' पाव घेतला आणि घरी आले. फावडं मोडल्यावर तू हातांनी उकरत होतास, तुझी नखं गेली होती, हे मला बचाव पथकातल्या माणसाने सांगितलं. तू सांगितलं नाहीस. या सोमवारपर्यंत तू आलाच नाहीस. मी तुला दोष देत नाही, एकदाही दिला नाही. हे आधीच कळवायला हवं होतं, पण माझ्याने काही होतच नव्हतं.

आता हे सगळं कशासाठी लिहिलं ते सांगते. मला ती जागा बघायची आहे. इतक्या वर्षांत मी लिफ्टच्या वर कधी गेले नाही, दुकान कोण सांभाळणार म्हणून. पथकाचे लोक हेलिकॉप्टरने नेतो म्हणाले, पण तसं उतरून, बघून परत यायचं मला नको. तुम्ही दोघं गेलात तसं चढून जायचंय, बर्फ घट्ट बसल्यावर, येत्या एप्रिलमध्ये. माझ्या स्कींना मी काल टाच मोकळी होणारं बाइंडिंग बसवलं. तुझ्या स्कींना अजून भोकं पाडलेली नाहीत, एकदा पाडली की तिथे दुसरं काही नीट बसत नाही. तू नाही म्हणालास तर चिठ्ठीत आहे तसंच करीन, रागावणार नाही. पण मला खाली रडता येत नाही, कासिआन. तिथे येईल असं वाटतं, आणि तेव्हा जवळ तू हवास.

तुझीच,
बुर्गी